परमिटपुरता पैसा आणि शिक्षणापुरता पैसा

प्रश्न : मी भांडुपला राहते आणि एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे; निवृत्तीला अजून सहा वर्षे आहेत. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमची मुलगी 23 वर्षांची असून कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि दीड वर्षापासून नोकरी करते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या दोन सरकारी विद्यापीठांत तिला सप्टेंबरपासून मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. एक अभ्यासक्रम टोरोंटोत दोन वर्षांचा, वर्षाला 26,000 कॅनेडियन डॉलर फीचा. दुसरा एका लहान शहरात 12 महिन्यांचा, एकूण 34,000 डॉलर फीचा. आमच्याकडे 14 लाखांच्या ठेवी, भांडुपचा वन बीएचके, थोडे दागिने आणि सासूबाईंच्या नावावर गिरगावात पागडीची खोली आहे. माझा पगार हातात 68 हजार येतो. एजंट म्हणतो की दोन वर्षांचाच कोर्स घ्या, कारण तरच पुढे तीन वर्षांचे वर्क परमिट मिळते. बँकेत 32 लाख दिसले की स्टडी परमिट मिळते, तेव्हा कमी पडणारे 18 लाख तो दरमहा दोन टक्क्यांनी तीन महिन्यांसाठी खात्यात ठेवून देईल, आणि दुसऱ्या वर्षाची फी मुलगी तिथे काम करून भरेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक, भांडुप

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण उत्तर एजंटच्या त्या 18 लाखांपासून सुरू करते, कारण बाकीच्या बाबतीत निर्णय चुकला तरी तो नंतर सुधारता येतो आणि इथे तो सुधारता येत नाही. हे पैसे घेऊ नका. जे पैसे तुमचे नाहीत आणि तीन महिन्यांनी परत जायचे आहेत, ते मुलीच्या शिक्षणासाठी उपलब्ध आहेत असे अर्जात लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 नुसार असे सिद्ध झाले तर अर्जदाराला पाच वर्षे त्या देशात प्रवेश मिळत नाही. अर्जावर सही तुमच्या मुलीची असेल, एजंटची नसेल, आणि त्यामुळे ती बंदीही तिच्याच नावावर लागेल.

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले. परमिट नाकारले गेल्यानंतर एक गृहस्थ पासबुक घेऊन माझ्यासमोर येऊन बसले होते, ते मला अजून आठवतात. पासबुकात ओळीने विजेचे बिल, एलआयसीचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, महिन्याच्या एक तारखेला पगार. शिल्लक कधी 80 हजारांच्या वर गेलेली नाही, आणि मग एका ओळीत एकदम 16 लाख जमा. ‘पैसे तर दाखवले होते ना, मग नाही का म्हणाले?’ हा त्यांचा प्रश्न होता. मी पासबुक त्यांच्याकडे फिरवून त्या एका ओळीवर बोट ठेवले. इतके दिवस स्वतःचेच पासबुक त्यांनी शेवटच्या आकड्यासाठी पाहिले होते, वरून खाली असे वाचलेच नव्हते. ज्याने पैसे ठेवले होते, त्याने तीन महिन्यांचे व्याज मात्र पूर्ण वसूल केले. तुमच्या बाबतीत ते व्याज 1 लाख 8 हजार होईल. मुलीचे विमानाचे तिकीट आणि थंडीचे कपडे त्यात बहुधा निघतील.

कॅनडाचे इमिग्रेशन खाते मागील चार महिन्यांचे बँक स्टेटमेंट पाहते, ते खात्यातली शेवटची शिल्लक पाहण्यापुरते नसून पैसा कुठून आला हे कळावे यासाठी असते. तुमच्या ठेवी यजमानांच्या निवृत्तीच्या रकमेतून झाल्या असतील, तर ती रक्कम जमा झाल्याचे त्या महिन्याचे स्टेटमेंट, कार्यालयाचे पत्र आणि ठेवींच्या पावत्या एकत्र लावा. दोन वर्षांपूर्वीचा कागद असला तरी लावा. दागिने मोडले तर सराफाची पावती आणि ती रक्कम खात्यात आल्याची नोंद, दोन्ही जपून ठेवा. अनेक घरांतून सी.ए.कडून नेटवर्थचे, म्हणजे एकूण मालमत्तेच्या किमतीचे, सर्टिफिकेट घेतले जाते आणि त्यात फ्लॅटची किंमत पाहून सगळ्यांना हायसे वाटते, पण फ्लॅटमधून फी भरता येत नाही. ते सर्टिफिकेट पूरक कागद म्हणून ठीक आहे, त्यापलीकडे त्यावर भिस्त ठेवू नये.

आता आकडे. 1 सप्टेंबर 2025 पासून क्यूबेक प्रांताबाहेर शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च याशिवाय राहण्या-खाण्यासाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात. 2023 संपेपर्यंत हाच आकडा 10,000 होता, आणि जुन्या ओळखीतले लोक अजूनही तोच सांगतात. पुढेही तो वाढत राहणार आहे, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावा. हिशेबापुरता एक डॉलर 65 रुपये धरते. टोरोंटोच्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष म्हणजे 26,000 अधिक 22,895, एकूण 48,895 डॉलर, म्हणजे सुमारे 31 लाख 78 हजार रुपये. एजंटचे 32 लाख इथून आले आहेत आणि ते परमिटच्या नियमापुरते पाहिले तर तिकीट वगळता जवळपास बरोबरही आहेत. परंतु परमिटचा नियम पहिल्या वर्षाचा हिशेब मागतो आणि तुमच्या मुलीला दोन वर्षे शिकायचे आहे. दोन्ही वर्षांची फी 52,000 आणि राहण्याचा खर्च 45,790 धरला तर 97,790 डॉलर होतात, म्हणजे 63 लाख 56 हजार रुपये. तुमच्या पत्रात हा आकडा कुठेच नाही. एजंटने तो तुमच्यासमोर मांडला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण परमिट मिळाले की त्याचे काम संपते. पण दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात फी भरायची तारीख जवळ आली की फोन तुम्हाला येणार आहे, त्याला नाही.

बारा महिन्यांचा अभ्यासक्रम मांडून पाहा. 34,000 अधिक 22,895 म्हणजे 56,895 डॉलर, रुपयांत 36 लाख 98 हजार. वर्षाची फी जास्त दिसते म्हणून तो महाग वाटतो, प्रत्यक्षात पदवी हातात येईपर्यंत तो 26 लाखांहून अधिक रकमेने स्वस्त पडतो. शिवाय लहान शहरात खोलीचे भाडे टोरोंटोपेक्षा सहसा कमी असते आणि मुलगी एक वर्ष आधी कमावती होऊ शकते.

राहिला तीन वर्षांच्या वर्क परमिटचा मुद्दा. एजंट सांगतो तो नियम पूर्वी तसा होता. 15 फेब्रुवारी 2024 पासून मास्टर्स पदवीसाठी तो बदलला आहे : अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण होत असतील, तर दोन वर्षांहून लहान मास्टर्सनंतरही तीन वर्षांचे वर्क परमिट मिळू शकते. त्या अटींत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेच्या चाचणीचा निकाल आहे, आणि परमिटची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही, हेही आहे. म्हणून मुलीच्या पासपोर्टची शेवटची तारीख आजच पाहा. मुदत थोडी उरली असेल तर अर्जाआधीच नवा करून घ्या. दोन्ही अभ्यासक्रम वर्क परमिटला पात्र आहेत का, हे मुलीने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला स्वतः ई-मेल करून लेखी विचारावे. टोरोंटोच्या विभागाचे नाव मोठे असेल, तिला तिथलाच विषय हवा असेल, तर त्या ओढीला मी कमी लेखत नाही. परंतु तुमच्या मिळकतीत माझा कौल स्पष्टपणे बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला आहे, आणि पुढचा सगळा हिशेब मी तोच धरून मांडते.

मुलगी काम करून फी भरेल, या आश्वासनाचाही आकडा काढू. सत्र चालू असताना आठवड्याला 24 तासांपर्यंत कॅम्पसबाहेर काम करायला परवानगी आहे. ऑन्टारिओत ऑक्टोबर 2025 पासून किमान वेतन ताशी 17.60 डॉलर आहे. सगळे तास मिळाले तरी आठवड्याला 422 डॉलर होतात. त्यातून खोलीचे भाडे आणि किराणा भागू शकेल, 34,000 ची फी भरली जाणार नाही. आणि सगळे तास मिळतीलच असे नाही. गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना दुकानात किंवा कॅफेत काम मिळायला महिनेच्या महिने लागतात. बारा महिन्यांच्या मास्टर्सला अभ्यासाचा ताण एवढा असतो की पहिल्या सत्रात तिने कामाच्या मागे न लागलेलेच बरे. परमिटच्या अर्जात ही भावी कमाई धरता येत नाही. घरच्या हिशेबातही धरू नका. मिळाली तर वरचा खर्च हलका होईल.

तेव्हा 37 लाख, म्हणजे तिकिटासह साधारण 38 लाख, उभे करायचे आहेत. 14 लाखांच्या ठेवींतले 10 लाख वापरा आणि चार लाखांना हात लावू नका. घरात वृद्ध सासूबाई आहेत, आणि मुलगी परदेशी असताना आजारपण आले तर तिच्या फीच्या पैशांतून इथले बिल भरायची वेळ येऊ नये. तुमच्या प्रॉव्हिडंट फंडाचा पत्रात उल्लेख नाही. तो तसाच न उल्लेखलेला राहू द्या. उरलेल्या 28 लाखांसाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे लागेल.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चातला 15 टक्के वाटा स्वतःचा असावा लागतो. तुमचे 10 लाख त्याहून जास्त आहेत. तारण म्हणून भांडुपचा फ्लॅट चालेल. गिरगावची खोली चालणार नाही, कारण पागडीत भाडेकरूचा हक्क असतो, मालकी नसते, आणि जी मालकी नाही ती गहाण ठेवता येत नाही. सासूबाईंच्या मनाला लागणार नाही अशा पद्धतीने हे त्यांना समजावून सांगा, कारण नातीसाठी खोली द्यायला त्या मनापासून तयार असतील. गावी शेतजमीन असेल तर तीही बहुतेक बँका या कर्जाला घेत नाहीत.

फ्लॅटचे कागद काढायला वेळ जातो आणि मुंबईत कर्ज अडते ते बहुतेक वेळा इथेच. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, फ्लॅट आधी दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याच्यापर्यंतचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, सोसायटीचे तारणासाठीचे ना हरकत पत्र आणि इमारतीचे ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हे सगळे बँकेचा वकील पाहतो. शेअर सर्टिफिकेटवर अजून जुन्या मालकाचेच नाव आहे, हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळते. सोसायटीची कमिटी महिन्यातून एकदा भरते; एक बैठक हुकली की महिना गेला. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर ते बँकेला आधीच सांगा. मूल्यांकन आणि कागदांची तपासणी यांत महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून परमिटच्या अर्जाची वाट न पाहता कर्जाचा अर्ज आजच भरायला घ्या. शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाहून जास्त बँकांकडे अर्ज पाठवता येतो. विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे फोन तुम्हाला येऊ लागलेच असतील. त्यांचा व्याजदर आणि प्रोसेसिंग फी दोन्ही लेखी मागवून सरकारी बँकेच्या पत्राशेजारी ठेवा, मग ठरवा.

हप्त्याचा अंदाज असा. व्याज 10 टक्के धरले, अभ्यासक्रमाचे वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज चढत राहते, त्यामुळे 28 लाखांचे सुमारे 33 लाख होतात आणि 15 वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साडेपस्तीस हजारांच्या आसपास जातो. ताईंनो, इथे जरा थांबून, यजमान आणि मुलगी यांना समोर बसवून एक प्रश्न विचारा : कॅनडात नोकरी मिळाली नाही आणि ती परत आली, तर मुंबईतल्या तिच्या पगारातून हा हप्ता निघेल का? दीड-दोन वर्षे नोकरी केलेल्या इंजिनिअरला मास्टर्सनंतर इथे जो पगार मिळू शकतो, त्यात तो जड जाईल, पण अशक्य नाही, असे मला वाटते. तुम्ही नोकरीत असताना, हप्ता सुरू होण्याआधीच्या काळातले नुसते व्याज दरमहा भरू शकलात, म्हणजे पूर्ण रक्कम उचलल्यावर सुमारे 23 हजार, तर मुद्दल फुगणार नाही आणि मुलीच्या डोक्यावरचा भार बराच कमी होईल. टोरोंटोसाठी हाच हिशेब केला तर कर्ज 50 लाखांच्या पुढे जाते. तुमच्या घराला ते झेपेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि के. सी. महिंद्र ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. राज्य सरकारच्याही प्रवर्गनिहाय परदेश शिष्यवृत्ती आहेत. यंदाच्या तारखा लगेच पाहा. मिळाली तर कर्जातून तेवढी रक्कम कमी उचला, पण अर्जातला हिशेब शिष्यवृत्तीच्या आशेवर उभा करू नका.

राहण्याच्या खर्चाचे 22,895 डॉलर जीआयसी (गॅरंटीड इन्व्हेस्टमेंट सर्टिफिकेट, एक प्रकारची मुदत ठेव) या स्वरूपात कॅनडातल्या बँकेत मुलीच्या नावाने आधी ठेवता येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये एसडीएस ही स्टडी परमिटची जलद योजना बंद झाल्यापासून जीआयसीची सक्ती उरलेली नाही, तरीही मी ते सुचवते, कारण अधिकाऱ्याला त्यात शंका घ्यायला जागा राहत नाही आणि तिथे पोहोचल्यावर ती रक्कम टप्प्याटप्प्याने परत मिळते. महिन्याला साधारण 1,900 डॉलर येतात आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलीला ती मर्यादा उपयोगी पडते. पैसे पाठवताना कर्जाच्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवलेल्या रकमेवर, एप्रिल 2025 पासून, एका व्यक्तीमागे एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही. तुमच्या ठेवींचे 10 लाख दोघांच्या खात्यांतून गेले तर प्रश्नच येणार नाही. बँकेत फॉर्म भरताना कारण ‘शिक्षण’ असेच लिहा.

अर्जाची बाकी प्रक्रिया तुम्ही समजता तेवढी अवघड नाही आणि मुलगी ती स्वतः ऑनलाइन करू शकते. परमिटची फी 150 डॉलर आणि बायोमेट्रिक्सची 85. सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना 1 जानेवारी 2026 पासून प्रांताचे अटेस्टेशन लेटर (प्रांत सरकारने विद्यार्थ्यासाठी दिलेले पत्र) लागत नाही. प्रवेशपत्र खरे आहे का, हे इमिग्रेशन खाते थेट विद्यापीठाकडून पडताळते. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते. फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. पैसे घेऊन अर्जदाराच्या वतीने काम करायचा अधिकार फक्त कॅनडात नोंदणी असलेल्या सल्लागारांना आणि वकिलांना आहे, आणि तसा प्रतिनिधी नेमला तर अर्जात त्याचे नाव द्यावे लागते. तुमच्या एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा.

अर्जासोबत जोडायच्या स्पष्टीकरणाच्या पत्रावर मात्र तिने आठवडाभर द्यावा. हाच विषय का, दीड वर्षाच्या नोकरीत कशाची उणीव जाणवली, इथे मिळणाऱ्या एम.टेक.पेक्षा हा अभ्यासक्रम वेगळा कशात आहे, खर्च कोण आणि कुठून करणार आहे, हे तिने स्वतःच्या शब्दांत दोन पानांत लिहावे. एजंटच्या साच्यातून आलेले पत्र पहिल्या ओळीतच ओळखू येते. त्यात विद्यार्थ्याचे नाव बदलले तरी बाकी काही बदलावे लागत नाही.

परमिट मंजूर झाले की जे हातात पडते ते मंजुरीचे पत्र (लेटर ऑफ इंट्रोडक्शन) आणि पासपोर्टवरचा व्हिसा. खरे स्टडी परमिट तिथल्या विमानतळावर छापून मिळते. तो कागद हातात घेऊन, काउंटर सोडण्याआधी, नावाचे स्पेलिंग, मुदत आणि काम करण्याच्या परवानगीची ओळ तिने वाचून घ्यावी. ऑन्टारिओत खोली घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे एकदम द्यावे लागते, आणि विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा फीसोबत वेगळा आकारला जातो. हे दोन खर्च पहिल्याच पंधरवड्यात येतात, म्हणून जीआयसीशिवाय थोडी रक्कम तिच्या हाताशी असू द्या. जाड कोट इथून नेऊ नये. तिथल्या थंडीचा तिथेच मिळतो. कुकर मात्र न्यावा.

या आठवड्यात तीन कामे करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना ना हरकत पत्रासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलीच्या पदवीचे ट्रान्सक्रिप्ट अजून आले नसेल तर तिला मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात पाठवा. आणि एजंटकडे मूळ मार्कशीट किंवा पासपोर्ट ठेवला असेल, तर 18 लाखांना नकार कळवण्याच्या आधी, दोघांनी जाऊन तो परत घेऊन या.